सात कोऱ्या साड्या

माणगाव मागे पडलं तेव्हा पुष्पाबाईंनी चौथ्यांदा विचारलं.

"प्रेमराज, आपलं पोतं वर शे का खाले?"

गाडी चालवणाऱ्या प्रेमराजने आरशातून आईकडे पाहिलं. "माय, ट्रकमा दीडशे पोते शेतस. तुले आपलाच पोतानी काय पडनी?"

"आसंच इचारं."

पुढच्या सीटवर त्याचे वडील, अभिमन आबा, टोपी मांडीवर घेऊन बसले होते. नाशिक सोडल्यापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. गाडीपुढे ट्रक चालला होता आणि ट्रकच्या मागच्या फळीला पाचोऱ्याहून छापून आणलेला फलक बांधला होता : 'वादळग्रस्त बांधवांना खानदेशचा मायेचा हात'. खाली हात जोडलेल्या प्रेमराजचा फोटो. पंचायत समितीची निवडणूक जवळ आली की माणसाचे हात आपोआप जुळतात, त्याला इलाज नाही.

ही मदत निघाली कशी ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीही बोलून दाखवत नव्हतं. चक्रीवादळानंतर चौथ्या दिवशी प्रेमराजला त्याच्या बहिणीचा, रूपाचा फोन आला. घराचं छप्पर गेलं, होडी फुटली, गावात वीज नाही, माणसं तेवढी वाचली. आठ वर्षांपूर्वी पनवेलला नर्सचं शिकताना रूपाने कोकणातल्या कुंदन नावाच्या कोळ्याच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून आबांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. अक्षय्य तृतीयेच्या आठ आखाज्या गेल्या. गावातल्या सगळ्या सासुरवाशिणी माहेरी येऊन झोके खेळून गेल्या, पण रूपाला आणायला ह्या घरातून कोणी गेलं नाही. त्या दिवशी प्रेमराजने मुद्दाम फोनचा आवाज मोठा ठेवला होता. ओसरीवर बसलेल्या आबांनी सगळं ऐकलं, तंबाखू थुंकली आणि म्हणाले,

"पोरले मी काही देस नही. गावले दिसू."

एका लेकीच्या हातावर चार पत्रे ठेवायला मान आडवा आला, म्हणून ह्या माणसाने तिच्या सगळ्या गावालाच ट्रकभर सामान द्यायचं ठरवलं. पुष्पाबाईंना त्या दिवशी नवऱ्याचा राग यावा की त्याची दया यावी, हेच कळेना.

मग आबांनी फर्मान काढलं. जुनेर कोणी द्यायचं नाही, द्यायचं ते कोरं. आणि पोत्या-पोत्यावर घराचं नाव लिहायचं, म्हणजे कोणी हात आखडता घेतला ते दिसेल. लग्नात आहेर नाव पुकारून होतो, तसाच हाही होईल. घरोघरी ट्रंका उघडल्या. सून पुनम हौशी, तिने सासूचीही ट्रंक उघडली. पुष्पाबाई ओसरीवर दादर ज्वारी पाखडत होत्या. पुनम सात साड्यांची चळत छातीशी धरून बाहेर आली.

"आत्याबाई, ह्या सात एकदम कोऱ्या शेतस. देवाघेवाना दिसतस. दि टाकू का?"

सूप पुष्पाबाईंच्या हातात तसंच राहिलं. सातही साड्या रूपाच्या होत्या. पहिलं वर्ष रागात गेलं. पुढच्या दर दिवाळीला तिने एकेक धाडली होती. घरच्या पत्त्यावर धाडायची सोय नव्हती, म्हणून भुसावळला रेल्वे कॉलनीत राहणाऱ्या सुमनबाई मावशीकडे पार्सल यायचं आणि मावशी ते पिशवीत लपवून आणायची. पुष्पाबाई साडी नाकाला लावायच्या, ट्रंकेच्या तळाशी ठेवायच्या आणि रूपाचा फोन आला की सांगायच्या, "नेसनी व माय, पोयाले नेसनी. बठ्ठ्या बाया इचारेत, कथाईन लिधी म्हनीसन." एकदा तर त्यांनी पोळ्याच्या दिवशी जांभळी साडी पाहून कोणी किती डोळे मोठे केले तेही रंगवून सांगितलं होतं. त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं.

"इचारस काय तिले?" आबा मधेच म्हणाले होते. "दि टाक."

आणि पुष्पाबाई मान खाली घालून म्हणाल्या होत्या, "दि टाक."

एवढीशी गोष्ट. त्या वेळी 'थांब' म्हटलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? पण तोंड उघडलं नाही. आणि आता ते पोतं दीडशे पोत्यांबरोबर रूपाच्याच गावाला निघालं होतं. गाडीत बसून पुष्पाबाईंना एवढंच हवं होतं, की ते पोतं रूपासमोर उघडू नये. मागच्या मागे काढून घ्यावं, नाहीतर समुद्रात फेकावं. रूपाला कळू नये, की तिची आई सात वर्षं तिच्याशी खोटं बोलत आली.

भाटखोलला पोचले तेव्हा दहा वाजले होते. गावात शिरताना प्रेमराजने गाडीचा वेग आपोआप कमी केला. पोफळीच्या बागा एकाच दिशेला आडव्या झाल्या होत्या. केळी अशा पडलेल्या ह्या लोकांनी पाहिल्या होत्या, घरचंच दुःख ते. पण नारळाची झाडं मुळासकट पडलेली पाहून आबांनी टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. रस्त्याच्या मधोमध एक होडी कुशीवर पडली होती आणि माणसं तिला वळसा घालून जात होती. सुकवलेले बोंबील कुजल्याचा वास सगळीकडे भरला होता. एकाही घराला धड छप्पर नव्हतं.

शाळेच्या व्हरांड्यात रूपा होती. बाराव्या दिवशीही तिथेच तिचा दवाखाना चालू होता. कोणाचं डोकं फुटलेलं, कोणाच्या पायात पत्रा घुसलेला. गेली तेव्हा तेवीस वर्षांची होती. आता उन्हाने रापलेली, केस घट्ट बांधलेले, बोटांना औषधाचा वास. तिने हातातली पट्टी बांधून पूर्ण केली आणि मगच उठली. पुष्पाबाईंनी तिला मिठी मारली आणि मिठीतच त्यांना आठवलं, की ट्रक उभा आहे.

रूपा आबांच्या पाया पडायला वाकली. आबांनी पाय मागे घेतले नाहीत, पण आशीर्वादही दिला नाही.

"मी गावले उनू," ते पोफळीच्या बागेकडे पाहत म्हणाले.

"माहीत आहे," रूपा म्हणाली. "गाव तुमचीच वाट बघतंय."

तेवढ्यात प्रेमराजने ट्रकवर भोंगा बांधायला घेतला. वीज नव्हती, म्हणून गाडीच्या बॅटरीवर जोडला. पुष्पाबाई त्याच्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "बेटा, आपलं पोतं राहू दे. त्यानामा... फाटेल शे काहीतरी."

"कोरं शे माय, पुनमनी भरेल शे."

"मी सांगस ना, राहू दे!"

आवाज चढला तसे आबा वळले. "काय चालनं?"

"माय म्हनस, आपलं पोतं नका देऊ."

"का बरं?" आबांनी विचारलं. "गावनं बठ्ठं वाटसूत आन अभिमन बन्सीलालनं पोतं परत नेसूत? तोंड काय दाखाडसू मी गावले?"

पुष्पाबाई पदर ओढून मागे सरल्या. ह्या घरात पुरुषांच्या तोंडाची काळजी आधी घ्यावी लागते, बायांचं तोंड काय, पदरात झाकता येतं.

बायकांची रांग लागली. भिजून वाळलेल्या, पुन्हा भिजलेल्या कपड्यांतल्या बाया. त्यांना पत्रे हवे होते, ताडपत्री हवी होती, चुलीला कोरडं लाकूड हवं होतं. प्रेमराजने भोंग्यातून सांगितलं, "आता आहेर सुरू करतोय!" आणि नावं पुकारायला लागला. अमक्यातर्फे पन्नास बिबड्या. तमक्यातर्फे दहा किलो कळण्याचं पीठ. प्रत्येक नावानंतर तो टाळ्यांसाठी थांबायचा. रांगेतल्या बायांना टाळ्या कशासाठी वाजवायच्या ते कळत नव्हतं. दोघी-तिघींनी समजून घेऊन वाजवल्या. बिबड्या म्हणजे काय, त्या तळायच्या की भाजायच्या, असं एकीने विचारलं. ज्वारीचे पापडच ते, पण तळायला तेल कुठे होतं? पुष्पाबाईंना वाटलं, आपण मदत घेऊन आलो नाही, मिरवायला आलो आहोत. आपल्याच गावाची त्यांना लाज वाटली आणि त्या लाजेच्या पोटात आपली स्वतःची लाज बसली होती, ती तर बाहेर यायचीच होती.

"अभिमन बन्सीलाल यांच्यातर्फे," भोंगा ओरडला, "सात साड्या! कोऱ्या करकरीत!"

प्रेमराजने पहिली साडी दोन्ही हातांनी उंच धरली. मोरपंखी, बारीक जरीकाठाची.

रूपा रांगेजवळ घरांची यादी घेऊन उभी होती. तिने वर पाहिलं. यादी तिने शेजारच्या बाईच्या हातात दिली आणि ट्रकपाशी आली. "इकडे दे," ती भावाला म्हणाली. तिने साडीचा काठ उलटा केला. फॉल तिने स्वतःच्या हाताने लावलेला होता, जखमेला टाके घालावेत तसे एकसारखे बारीक टाके. ते तिचे तिने ओळखले. मग तिने घडीवरून बोट फिरवलं. घडी मोडलेली नव्हती.

"दुसरी दे."

दुसरी दिली, तिसरी दिली. जांभळीपाशी ती थोडी थांबली. प्रत्येक साडी तिने आधी उलटून पाहिली आणि मग रांगेतल्या बाईच्या हातात स्वतःच्या हाताने ठेवली. सात साड्या, सात बाया. प्रेमराज भोंग्यात टाळ्या मागत होता. पुष्पाबाई ट्रकच्या चाकाला टेकून उभ्या होत्या आणि जमीन दुभंगावी असं खरोखर वाटतं म्हणजे काय, ते त्यांना पहिल्यांदा कळलं. रूपाने त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते परवडलं असतं.

दुपारी रूपाच्या सासूने, शेवंताबाईंनी, सगळ्यांना घरी जेवायला नेलं. घर म्हणजे चार भिंती आणि वर निळी ताडपत्री. "रूपाच्या माहेरची माणसं पहिल्यांदा आली," असं त्या शेजाऱ्यांना सांगत होत्या. आबा मासे खात नाहीत हे लक्षात ठेवून त्यांनी डाळ-भात केला होता. मदत घेऊन आलेली माणसं पाटावर बसली आणि छप्पर गेलेली बाई त्यांना वाढू लागली. कुंदन घराबाहेरून बादलीत पाणी घेऊन आला; विहिरीत खारं पाणी शिरलं होतं, हे टँकरचं होतं.

वाढता वाढता रूपा आईसमोर थांबली. इतका वेळ ती शहरी मराठी बोलत होती. आता ती माहेरच्या बोलीत बोलली.

"एक बी साडीनी घडी मोडेल नही, माय."

पुष्पाबाईंनी घास परत ताटात ठेवला.

साड्या कोणाच्या ते आत्ता उमगून प्रेमराज पटकन म्हणाला, "अगं, पुनमनं चुकीसन टाक्या. तिले काय माहीत, कोन्या शेतस त्या?"

पुष्पाबाईंच्या मनात आलं, बरं झालं. पुनम इथे नाही, सुनेच्या माथी मारणं सोपं आहे. त्या म्हणाल्यासुद्धा, "हा ना, पुनमनंच..."

"टाक्या पुनमवहिनीनं," रूपा म्हणाली. "सात सालनी घडी बी तिनंच ठेवी का? तू त माले सांगे, पोयाले नेसनी, लगीनमा नेसनी. जांभयी साडीवर बाया डोया मोठा करेत म्हने."

पुष्पाबाईंनी ताट पुढे सरकवलं. काहीतरी सांगायलाच हवं होतं आणि जे तोंडात आलं ते आठ वर्षांचं जुनं, पाठ झालेलं होतं.

"तुना बापना धाक, माय. ह्या घरमा तुनं नाव घेवानी बंदी व्हती. मी कशी नेसू?"

आबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मना धाक?" ते म्हणाले. "मी कवय सांगं तुले, साडी नेसू नको म्हनीसन?"

"तुम्हले ठाऊकच नव्हतं."

"ठाऊक नव्हतं? सुमनबाई दर दिवायीले पिशवी लई ये, आन तुम्ही दोन्ही जनी मांजरीसारख्या घरमा घुसा. मी काय आंधया शे?" आबांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मी वाट देखे. एक दिन तरी हाई नेसी. नेसती ते मी इचारतू, कोनी धाडी व? तू म्हनती, रूपानी. मंग मी म्हनतू, जाय रे प्रेमराज, तिले आखाजीले लई ये. तू नेसनी नही. मी इचारं नही."

ताडपत्री वाऱ्याने फडफडली. प्रेमराज, जो मघाशी आईची बाजू सावरत होता, तो आता बापाकडे पाहू लागला. पुष्पाबाईंना नवऱ्याचा राग आला. वाटलं, सगळं माझ्याच पदरात टाकून मोकळा झाला. साडीशिवाय विचारता आलं नसतं? स्वतःच्या तोंडाने लेकीचं नाव काढायला ह्याला माझ्या नेसण्याची काय गरज होती? पण तो खोटं बोलत नव्हता, हेही त्यांना कळत होतं. त्याने मनाई केली नव्हती. आठ वर्षं त्यांनी त्याचा धाक पुढे केला, रूपापुढे, सुमनबाईपुढे, देवापुढे. आणि तो धाक त्यांचा त्यांनीच शिवून घेतला होता.

रूपाने दोघांकडे पाहिलं. "तुम्ही दोन्ही जन एकमेकना तोंडकडे देखत बठनात," ती म्हणाली, "आन मी आठे दुकानमा उभी राहू आन इचार करू, मायले कोनता रंग खुलई."

 ती रडली असती तर बरं झालं असतं, पण तिने भाताचं पातेलं उचललं. "आबा, भात घ्या."

कुंदन दारात उभा होता. बोली त्याला पुरती कळत नव्हती, माणसं कळत होती. "जेवून घ्या," तो म्हणाला. "निवतोय."

सगळे जेवले. खाली मान घालून, शेवंताबाईंचा मान राखायला, एकेक शीत वेचून जेवले. आबांनी दोनदा डाळ मागून घेतली, ती भुकेने नव्हे.

हात धुवायला पुष्पाबाई बाहेर आल्या तेव्हा दारात एक म्हातारी उभी होती. कपाळावर पट्टी, अंगावर जांभळी साडी. शाळेतून घरी जाऊन तिने लगेच नेसली होती. घडीच्या रेघा अजून ताठ होत्या. मागून रूपा खरकटी ताटं घेऊन आली आणि म्हणाली, "तानुबाई, टाके ओढत नाहीत ना?"

"नाय गो. साडी दाखवाया आले तुझ्या आयशीला." तानुबाई हसली आणि पुष्पाबाईंसमोर एक गिरकी घेतली. "बारा दिस ओल्याच्या ओल्यात काढले वो. आज अंगाला कोरडं लागलं. कसली मऊ हाय! कुठनं घेतली? कुणी दिली तुमाला?"

हाच प्रश्न. हळदीकुंकवाला, बारशाला, भाऊबंदांच्या पंगतीत नवी साडी दिसली की बाया पदर बोटांत धरून आधी हेच विचारतात. त्याचं उत्तर द्यावं लागेल म्हणून पुष्पाबाईंनी सात साड्यांची घडी मोडली नव्हती. उत्तर दिलं की सगळ्या गप्प होतील, एकमेकींकडे पाहतील, मग कोणीतरी 'बरी शे ना ती?' असं विचारील आणि त्या विचारण्यात सगळं येईल. आबांचा धाक तिथे कुठेच नव्हता. त्या बायांचा होता. त्यांच्या नजरेपुढे आपली लेक नको, असं आईलाच वाटत आलं होतं.

त्यांनी मागे पाहिलं. उंबऱ्यात आबा उभे होते, तोंड पुसत. प्रेमराजही आला होता. रूपा ताटं हातात घेऊन उभी होती. तिने मदत केली नाही. नजरही काढून घेतली नाही.

"मन्ही पोरनी धाडेल शे," पुष्पाबाई म्हणाल्या. मग तानुबाईला कळावं म्हणून पुन्हा म्हणाल्या, "माझ्या लेकीनं दिली. रूपानं."

"आगो बाय! मंग तुमी का नाय नेसली?"

पुष्पाबाईंच्या जिभेवर तीन-चार कारणं आली. रंग फार गडद आहे. माझं वय झालं. जपून ठेवली होती. सगळी चांगली कारणं होती, कोणीही मान्य केली असती.

"लाज वाटायची मला," त्या म्हणाल्या. "चारचौघींत हिचं नाव सांगायची."

तानुबाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. कपाळावरची पट्टी तिने बोटांनी चाचपली, शेजारी ताटं घेऊन उभ्या असलेल्या रूपाकडे पाहिलं, मग पुन्हा पुष्पाबाईंकडे.

"हिचं?" ती म्हणाली.